फियॉर्ड, बेटे आणि कोमुने : म्योरे ओग रोम्सडालमध्ये हद्द कशी ठरावी?

दीपस्तंभ

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, साधारण ६२ ते ६३ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात म्योरे ओग रोम्सडाल हा जिल्हा आहे. दक्षिणेकडे सुन्नम्योरे, मध्ये रोम्सडाल आणि उत्तरेकडे नूरम्योरे असे त्याचे तीन परंपरागत भाग असून ओलेसुन्द, मोल्दे आणि क्रिस्तियानसुन्द ही त्यांची अनुक्रमे तीन शहरे आहेत. जिल्ह्याचे मुख्यालय मोल्दे येथे आहे, लोकसंख्येने ओलेसुन्द सर्वांत मोठे आहे आणि क्रिस्तियानसुन्दला ही दोन्ही शहरे आपल्या डोक्यावर बसवल्यासारखी वाटतात. एवढे सांगितले तरी तिथल्या राजकारणाचा अर्धा भाग कळतो. उरलेला अर्धा कळण्यासाठी नकाशा उघडावा लागतो, आणि हा धागा त्यासाठीच काढत आहे.

हिमयुगांत बर्फाच्या नद्यांनी इथल्या दऱ्या समुद्रसपाटीच्या कितीतरी खाली कोरून काढल्या आणि बर्फ वितळल्यावर त्यांत समुद्र शिरला. त्यामुळे फियॉर्ड, म्हणजे समुद्र शिरलेली अशी दरी, आतल्या बाजूला शेकडो मीटर खोल असतो, तर त्याच्या तोंडाशी, जिथे हिमनदीचा जोर संपला तिथे, तुलनेने उथळ उंबरठा असतो. दोन्ही बाजूंचे डोंगर हजार-दीड हजार मीटर सरळ वर चढतात. रोम्सडालमधल्या ट्रोलवेग्गेन या कड्याचा उभा भाग सुमारे १,१०० मीटरचा असून तो युरोपातला सर्वांत उंच उभा कडा मानला जातो. याच्या अगदी उलट स्थिती बाहेरच्या किनाऱ्यावर आहे. तिथे समुद्रसपाटीच्या जेमतेम वर असलेला खडकाळ, सपाट पट्टा लांबवर पसरला असून त्याच्यावरच बहुतेक बेटे उभी आहेत. नॉर्वेजियन भूवैज्ञानिक हान्स रॉइश यांनी १८९४ मध्ये या भूरूपाला स्ट्रँडफ्लॅट हे नाव दिले आणि जगभरच्या भूगोलाने ते तसेच उचलले. स्मोला हे बेट त्याचा ठळक नमुना आहे. मागे बर्फाळ शिखरे दिसत असताना हे बेट मात्र ताटासारखे सपाट आहे.

माणसाला राहण्याजोगी जागा म्हणजे डोंगराचा पायथा आणि पाणी यांच्यामधली चिंचोळी पट्टी, दऱ्यांची तोंडे आणि ही बाहेरची सपाट बेटे. उबदार सागरी प्रवाहामुळे बंदरे हिवाळ्यातही गोठत नाहीत. त्यामुळे रस्ते नव्हते त्या काळात समुद्र हाच रस्ता होता आणि वस्त्यांना वेगळे करायचे ते डोंगराने. समोरासमोरच्या दोन काठांवरचे लोक एका चर्चमध्ये येत, पण एकाच डोंगराच्या दोन कुशींतली गावे एकमेकांना परकी असत. १८३७ साली नॉर्वेत स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला आणि बव्हंशी चर्चच्या परगण्यांवरूनच कोमुनेंच्या हद्दी आखल्या गेल्या. कोमुने म्हणजे तिथली पालिका. गाव असो वा शहर, एकच नाव आणि एकच कायदा. या आखणीत हद्दी बऱ्याचदा डोंगरमाथ्यावरून गेल्या आणि फियॉर्ड कोमुनेच्या पोटात राहिला. होडीच्या काळाला ही आखणी अगदी जुळणारी होती.

पुढे मोटार आली, फेरीबोटी आल्या, त्यानंतर पूल आणि समुद्रतळाखालचे बोगदे आले. १९८७ मध्ये ओलेसुन्द बोगद्यांनी विग्रा बेटाशी जोडले गेले, १९८९ मध्ये आवेरॉय बेटाकडे जाणारा अटलांटिक रस्ता खुला झाला, १९९२ मध्ये क्रिस्तियानसुन्द मुख्य भूमीशी जोडले गेले, आणि २००८ मध्ये आइकसुन्दचा बोगदा सुरू झाला. हा बोगदा समुद्रसपाटीखाली २८७ मीटरपर्यंत उतरतो आणि बरीच वर्षे तो जगातला सर्वांत खोल समुद्राखालचा रस्ता होता. अशा प्रत्येक बांधकामाने माणसांची रोजची ये-जा बदलली. कोमुनेच्या हद्दी मात्र आपोआप बदलत नाहीत. त्या बदलायच्या असतील तर कोणीतरी बदलाव्या लागतात, आणि त्या बदलताना कोणीतरी दुखावतेच.

माझे म्हणणे असे की, अशा प्रदेशात कोमुनेची हद्द लोकसंख्येच्या आकड्यावरून किंवा नकाशावरच्या अंतरावरून ठरवू नये. लोक रोज कोणते पाणी ओलांडतात आणि त्या ओलांडण्याचा भरवसा किती, यावरून ती ठरावी. २०२० ची कोमुनेंच्या एकत्रीकरणाची मोहीम मुख्यतः आकड्यांवर उभी होती आणि म्हणूनच हारमसारखी प्रकरणे झाली. मतभेद जरूर मांडावेत.

गणिती

मांडणी चांगली आहे, पण आकड्यांना इतके हलके लेखू नये. नॉर्वेत १९३० च्या सुमारास ७४७ कोमुने होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर निकोलाय शाय यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून जी मोठी जुळवाजुळव झाली तिच्यात ही संख्या साडेचारशेच्या आसपास आली. २०२० मध्ये ती ३५६ झाली आणि २०२४ पासून ३५७ आहे. हे सगळे केवळ नकाशावर रेघा मारण्याच्या हौसेने झालेले नाही.

कारण असे की, नॉर्वेत प्रत्येक कोमुनेवर सारखीच जबाबदारी असते. रोगालान जिल्ह्यातल्या उत्सिरा बेटाची कोमुने सुमारे दोनशे माणसांची आहे आणि ओस्लोची सुमारे सात लाखांची, पण बालवाडी, दहावीपर्यंतची शाळा, प्राथमिक आरोग्यसेवा, वृद्धांची देखभाल, बालकल्याण, पाणी, सांडपाणी, अग्निशमन आणि जमिनीचे नियोजन ही कामे कायद्याने दोघींनाही करावी लागतात. दोनशे माणसांत बालकल्याणाचा अधिकारी नेमला तर तो बहुधा तक्रारीतल्या कुटुंबाचा शेजारी तरी असतो किंवा नातेवाईक तरी. अभियंता, नियोजनकार, डॉक्टर यांची एकेक जागा असते आणि तो माणूस सोडून गेला की विभागच बंद पडतो. हा प्रश्न होडी की बोगदा याने सुटत नाही.

मृण्मयी

गणिती, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर एकत्रीकरण हा एकच उपाय नाही. शेजारच्या कोमुने मिळून सामाईक कंपनी काढतात किंवा एक कोमुने यजमान होऊन बाकीच्यांसाठी ते काम करते. रात्रीचा डॉक्टर, कचरा, अग्निशमन आणि बालकल्याण ही कामे आज अनेक ठिकाणी अशाच पद्धतीने चालतात. अर्थात त्यातही एक खोट आहे. सामाईक कंपनीचा कारभार निवडून आलेल्या सभागृहापासून एक पायरी दूर जातो, आणि मतदाराला जाब विचारायचा तर नेमका कोणाला हे कळेनासे होते.

ज्यांना रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दर चार वर्षांनी सप्टेंबरमध्ये कोमुनेच्या सभागृहाची निवडणूक प्रमाणशीर पद्धतीने होते. मुदतीच्या आत सभागृह विसर्जित करता येत नाही, त्यामुळे भांडण कितीही झाले तरी चार वर्षे त्याच लोकांनी कारभार हाकायचा असतो. महापौर, म्हणजे ओर्दफ्योरेर, सभागृह आपल्यातूनच निवडते. प्रशासनाचा प्रमुख वेगळा नेमलेला अधिकारी असतो. पाच हजारांपर्यंत लोकसंख्या असेल तर सभागृहात किमान ११ सदस्य लागतात. नॉर्वेचे नागरिकत्व नसलेल्यांनाही, तीन वर्षे देशात नोंदणीकृत वास्तव्य झाले की या निवडणुकीत मत देता येते. मासळीच्या कारखान्यांत आणि जहाजबांधणीत परदेशी कामगार मोठ्या संख्येने असलेल्या बेटांवर ही तरतूद फार महत्त्वाची ठरते.

कोमुनेच्या वर फिल्केकोमुने, म्हणजे निवडून आलेली जिल्हा परिषद असते. उच्च माध्यमिक शाळा, दंतसेवा, जिल्हा रस्ते, बस आणि फेरीबोटी तिच्याकडे असतात. याशिवाय राज्याचा प्रतिनिधी असतो. त्याचे पदनाम २०२१ पासून स्टात्सफोरवाल्तेर झाले आहे. कोमुनेच्या निर्णयांची कायदेशीर तपासणी आणि नागरिकांची अपिले तो पाहतो. रुग्णालये मात्र यांपैकी कोणाकडेच नाहीत. ती २००२ पासून राज्याच्या आरोग्य कंपन्यांकडे आहेत. मोल्दे आणि क्रिस्तियानसुन्द यांच्यात नव्या रुग्णालयाच्या जागेवरून वर्षानुवर्षे जी चुरस चालली, तिच्यात दोन्ही सभागृहांना ठराव करण्यापलीकडे फारसे काही करता आले नाही. शेवटी ते मोल्देच्या हद्दीत, ह्येल्सेत येथे झाले.

नकाशावेडा

हारमचे नाव दीपस्तंभ यांनी नुसते घेऊन सोडले आहे. त्याचा तपशील सांगितल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये, असे मला वाटते.

२०२० मध्ये ओलेसुन्द, हारम, सान्दॉय, स्कोद्ये आणि ओर्स्कोग या पाच कोमुने एक झाल्या. बाकीच्यांनी होकार दिला होता, हारमने दिला नव्हता. २०१७ मध्ये संसदेने जी काही एकत्रीकरणे मनाविरुद्ध लादली त्यांत हारमचा समावेश होता. २०२१ मध्ये सरकार बदलले, नव्या सरकारने सक्तीने जोडलेल्यांना सुटण्याची वाट खुली केली, २०२२ मध्ये संसदेने मान्यता दिली आणि १ जानेवारी २०२४ पासून हारम पुन्हा स्वतंत्र झाली. जिल्ह्यातल्या कोमुनेंची संख्या त्यामुळे २६ वरून २७ झाली.

आता नकाशा पाहा. ओलेसुन्दच्या उत्तरेला बेटांची एक माळ आहे, तिला नूरडॉयाने म्हणतात. तिच्यातली लेप्सॉया, हारम्सॉया, फ्लेम्सॉया आणि फ्योर्टोफ्टा ही बेटे हारमची, आणि टोकाचे हारॉया हे बेट पूर्वीच्या सान्दॉयचे. २०२२ मध्ये नूरडॉयवेगेन हा रस्ता पूर्ण झाला आणि समुद्राखालचे तीन बोगदे, पूल आणि भराव यांनी ही पाचही बेटे मुख्य भूमीशी जोडली गेली. हारम वेगळी झाली, पण सान्दॉय ओलेसुन्दमध्येच राहिली. परिणामी हारॉयाच्या रहिवाशाला आपल्याच कोमुनेच्या मुख्यालयात गाडीने जायचे असेल तर आधी चार बेटे आणि मुख्य भूमीचा एक तुकडा, असा दुसऱ्या कोमुनेचा सबंध प्रदेश पार करावा लागतो.

दीपस्तंभ यांची कसोटी इथे लावली तर काय निघते? रोजचे पाणी ओलांडण्यावरून हद्द ठरायची असेल, तर नूरडॉयवेगेन झाल्यावर हारम आणि सान्दॉय यांनी एकत्र यायला हवे होते, कारण त्यांचा रस्ता एक आहे. तसे झाले नाही. रस्ता ज्या वर्षी पूर्ण झाला त्याच वर्षी विभाजन मंजूर झाले. म्हणजे लोक हद्द ठरवताना रस्त्यापेक्षा दुसरेच काही मोजत असावेत.

दीपस्तंभ

नकाशावेडा, उदाहरण नेमके आहे आणि माझ्या कसोटीला ते अडचणीचे वाटते हेही खरे. पण मी ‘भरवसा’ हा शब्द मुद्दाम वापरला होता. रस्ता नवा असताना लोक त्याच्यावर आपले घर, नोकरी आणि शाळा लगेच उभी करत नाहीत. त्याला एक पिढी लागते. हारमचा निर्णय जुन्या ये-जा करण्याच्या सवयीवर झाला, कारण नव्या सवयीला वेळच मिळाला नव्हता. गिस्केकडे पाहा. विग्रा, वाल्डेरॉया, गिस्के आणि गोडॉया या बेटांची ही कोमुने १९८७ पासून बोगद्यांनी ओलेसुन्दशी जोडलेली आहे आणि ओलेसुन्दचा विमानतळ तर विग्रावर, म्हणजे गिस्केच्या हद्दीत आहे. माणसे कामाला शहरात जातात. तरीही २०२० मध्ये गिस्के स्वतंत्र राहिली. तिच्यावर कोणी सक्ती केली नाही म्हणून तिथे तंटाही झाला नाही.

गणिती

मग कसोटीच उरली नाही! रस्ता नवा असेल तर सवय नाही म्हणून वेगळे राहायचे आणि जुना असेल तरी मर्जी नाही म्हणून वेगळे राहायचे. हे तत्त्व न राहता सोयीचा युक्तिवाद होतो.

गिस्के स्वतंत्र राहू शकते, कारण शहराच्या शेजारची सगळी सोय तिला मिळते आणि शहराचा सगळा खर्च तिला उचलावा लागत नाही. आर्थिक तोल बिघडलेल्या कोमुनेंची राज्याने ठेवलेली रोबेक नावाची एक यादी आहे. तिच्यात नाव गेले की कर्ज काढायलाही राज्याची परवानगी लागते. एकत्रीकरणानंतरच्या काळात ओलेसुन्दचे नाव तिच्यात गेले. शहराने थिएटर, ग्रंथालय, पोहण्याचा तलाव चालवायचा आणि आजूबाजूच्यांनी तो वापरायचा, हा व्यवहार एकतर्फी आहे.

भरतीओहोटी

हारमच्या आधीचा एक दाखला कोणी दिला नाही याचे आश्चर्य वाटते. सुन्नम्योरेच्या बाहेरच्या बाजूला हारआइदलाने या एकाच बेटावर उल्स्टाइन आणि हारआइद या दोन कोमुने आहेत. १९६४ मध्ये त्या एकत्र केल्या गेल्या आणि १९७८ मध्ये पुन्हा वेगळ्या झाल्या. त्यांच्यामध्ये समुद्र नाही, फियॉर्ड नाही, बोगद्याची गरज नाही. चांगला रस्ता आहे आणि अंतर गाडीने काही मिनिटांचे. चौदा वर्षांत सवय लागायला हवी होती. लागली नाही.

दीपस्तंभ यांच्या ‘एक पिढी’ला आणि गणिती यांच्या खर्चाच्या हिशोबाला, दोन्हींना हे उदाहरण सारखेच छेद देते. माझ्या मते या प्रदेशात कोमुने ही सेवा पुरवणारी यंत्रणा आहेच, पण त्याआधी ती कामधंद्याची मालकी आहे. उल्स्टाइनची ओळख जहाजबांधणीची आहे. बंदर कुठे बांधायचे, औद्योगिक जमीन कोणाला द्यायची, धक्का कोणत्या गावात वाढवायचा, हे जिथे ठरते ते सभागृह आपल्या गावात असावे, असे प्रत्येक गावाला वाटते. शाळा आणि दवाखाना शेजाऱ्याने चालवला तरी हरकत नसते, पण बंदर शेजाऱ्याच्या हातात जाऊ देणे कोणाला मानवत नाही.

रानवाट

चर्चा किनाऱ्यावरच अडकली आहे, म्हणून फियॉर्डच्या आतल्या टोकाकडे नेतो. हद्द, सवय, बंदर हे सगळे बाजूला ठेवून केवळ डोंगराकडे पाहिले तर छोट्या कोमुनेचा प्रश्न फार वेगळा दिसतो.

हिमनद्यांनी कोरलेले कडे आतून भेगाळलेले असतात. १७५६ मध्ये लांगफ्योर्डच्या काठावर त्येल्ले येथे डोंगराचा मोठा भाग पाण्यात कोसळला आणि उसळलेल्या लाटांनी ३२ जणांचा बळी घेतला. ७ एप्रिल १९३४ च्या पहाटे टाफ्योर्डमध्ये तसेच घडले. लाट काठावर सर्वांत उंच जागी ६० मीटरच्या वर चढली, टाफ्योर्ड आणि फ्योरो या गावांत ४० माणसे गेली. आज सर्वांत जास्त लक्ष ज्याच्यावर आहे तो आकर्नेसेत हा कडा स्टोरफ्योर्डच्या फाट्यावर असून त्याचा कित्येक कोटी घनमीटर खडक वर्षाला काही सेंटिमीटर वेगाने खाली सरकत आहे. तो एकदम सुटला तर काही मिनिटांत हेल्लेसिल्त आणि गाइरांगेर या गावांपर्यंत लाट पोहोचेल. गाइरांगेर फियॉर्ड २००५ पासून जागतिक वारसा आहे आणि उन्हाळ्यात तिथे प्रवासी जहाजांची रीघ लागते. ही दोन्ही गावे स्त्रांदा या, पाच हजारांच्या आतल्या लोकसंख्येच्या कोमुनेत येतात.

इथे कामाची वाटणी कशी आहे ते पाहण्यासारखे आहे. कड्यावर उपकरणे बसवून चोवीस तास नजर ठेवण्याचे काम राज्याच्या जलसंपदा आणि ऊर्जा संचालनालयाकडे आहे. धोक्याची पातळी तेच ठरवते. माणसे हलवणे पोलिसांचे. पण कोणाला कुठे न्यायचे, वृद्धाश्रमातल्या रुग्णांची सोय कुठे करायची, शाळा कुठे भरवायची, याची योजना कोमुनेने आधीच करून ठेवायची असते. शिवाय लाटेच्या टप्प्यात नवे घर बांधू द्यायचे की नाही, हेही कोमुनेच्याच नियोजनात येते. सरसकट बंदी घातली असती तर गावे हळूहळू मेली असती, म्हणून बांधकाम नियमांत अपवाद केला गेला. कड्यावर पाळत, वेळेत इशारा आणि गाव रिकामे करण्याची पक्की व्यवस्था असेल, तर त्या टप्प्यात ठरावीक अटींवर बांधकाम करता येते.

रौमा कोमुनेतल्या वेस्लेमान्नेन या कड्याचा अनुभव याहून बोलका आहे. २०१४ पासून दर शरदात पावसाचे पाणी भेगांत शिरले की त्याचा वेग वाढायचा, लाल इशारा लागायचा, खालच्या काही घरांतली माणसे आपले सामान आणि गुरे घेऊन निघायची, रौमाची रेल्वे थांबायची, आणि पाऊस ओसरला की कडा पुन्हा शांत व्हायचा. वरून पाणी सोडून तो लवकर पाडण्याचाही प्रयत्न झाला. तब्बल १६ वेळा घरे रिकामी केल्यावर ५ सप्टेंबर २०१९ रोजी तो एकदाचा कोसळला आणि कोणालाही इजा झाली नाही. त्या काळात कोणत्या शेतकऱ्याकडे किती जनावरे आहेत आणि ती कोणाच्या गोठ्यात मावतील, ही माहिती राज्याच्या संचालनालयाकडे नव्हती आणि असण्याचे कारणही नव्हते. ती कोमुनेकडे होती. गणिती ज्या लहान आकाराला दुबळेपणा म्हणतात, तो अशा वेळी कामी येतो.

गणिती

रानवाट, माहिती उत्तम. पण यातून मला उलटाच अर्थ दिसतो. नजर ठेवण्याचे खर्चिक काम राज्याने घेतले म्हणून ती कोमुने टिकली. एखाद्या लहान कोमुनेला असा कडा स्वतःच्या पैशाने सांभाळायला सांगितला असता तर? राज्याने मोठे काम उचलायचे आणि गावाने जवळचे करायचे, अशी वाटणी मला मान्य आहे. मग ती शाळा-दवाखान्यांतही का नको? प्रत्येक कोमुनेने सगळे करायचे हा हट्ट सोडावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

मृण्मयी

तो हट्ट सोडला तर काही कोमुने पहिल्या दर्जाच्या आणि काही दुसऱ्या दर्जाच्या होतील, ही भीती तिथे फार खोल आहे. पण गणिती यांच्या सूचनेत दम आहे हे मान्य करते.

खारेवारे

पैशाबद्दल थोडे लिहितो, कारण वरच्या चर्चेत तो फक्त खर्चाच्या बाजूने आला आहे.

कोमुनेचे उत्पन्न मुख्यतः प्राप्तिकरातला वाटा आणि राज्याचे अनुदान यांतून येते. अनुदानाच्या सूत्रात विरळ वस्ती, अंतरे आणि वृद्धांचे प्रमाण यांचा विचार केलेला असतो. त्यावर डोंगर आणि समुद्र आपापली भर घालतात. डोंगरातल्या कोमुनेंना जलविद्युत मिळते. ज्यांच्या हद्दीतले पाणी वीजनिर्मितीसाठी घेतले जाते त्यांना निसर्गसंपत्तीचा कर मिळतो. शिवाय वीज कंपनीला परवाना देताना घातलेल्या अटींनुसार निर्मितीच्या १० टक्क्यांपर्यंत वीज त्यांना उत्पादनखर्चाच्या आसपासच्या दराने घेता येते, आणि ती बाजारभावाने विकून आलेला फरक कोमुनेच्या तिजोरीत पडतो. सुन्दाल येथे आउरा प्रकल्पाच्या विजेवर १९५४ मध्ये अॅल्युमिनियमचा कारखाना उभा राहिला आणि फियॉर्डच्या टोकाचे ते गाव उद्योगनगर झाले.

बाहेरच्या बेटांकडे धबधबे नाहीत. त्यांच्याकडे मत्स्यशेती आहे. कोमुनेचा नियोजनाचा अधिकार किनाऱ्याशी संपत नाही, तर आधाररेषेच्या, म्हणजे सागरी हद्द जिथून मोजतात त्या रेषेच्या, बाहेर एक सागरी मैलापर्यंत चालतो. सॅल्मनचे पिंजरे कुठे चालतील, मासेमारी आणि जलवाहतुकीसाठी कोणते पाणी मोकळे ठेवायचे, हे कोमुनेच्या आराखड्यात ठरते. पिंजऱ्याचा परवाना मात्र फिल्केकोमुने आणि राज्याच्या खात्यांच्या मंजुरीने मिळतो. नवी उत्पादनक्षमता राज्य विकते तेव्हा त्या पैशाचा एक हिस्सा हावब्रुक्स्फोन्द या निधीतून किनारी कोमुने आणि फिल्केकोमुने यांना जातो. हा हिस्सा किती असावा यावरून संसदेत वारंवार फेरफार झाले आहेत. २०२३ पासून मत्स्यशेतीवर २५ टक्के भूभाडे-कर, म्हणजे सामाईक निसर्गसंपत्ती वापरून झालेल्या नफ्यावरचा कर, लागू झाला तेव्हा किनाऱ्यावर जो संताप उसळला, त्याचे मूळ यात आहे. आपले पाणी वापरून झालेला नफा ओस्लोला जातो, ही भावना.

भरतीओहोटी यांनी कामधंद्याची मालकी म्हटले ते म्हणूनच मला पटते. आराखड्यात पाण्याचा एक चौकोन कोणत्या रंगाने रंगवायचा याचा अधिकार ज्या सभागृहाला आहे, ते सभागृह कोणीही सहजी सोडणार नाही.

नकाशावेडा

खारेवारे, यावर एक शंका. मग एकत्रीकरणात पाणी वाटून घेणारी बेटे आनंदाने एकत्र येतात असे एकही उदाहरण नाही का?

खारेवारे

आहे. स्मोलावर ब्राट्वेर, एदॉय आणि होपेन अशा तीन कोमुने होत्या. त्या १९६० मध्ये एक झाल्या आणि आजवर एकच आहेत. बेट एकटे आहे, मुख्य भूमीला जायला आजही फेरीबोटच लागते, आणि शेजाऱ्यांवर रुसून जायला दुसरीकडे जागा नाही. त्याउलट २००८ मध्ये फ्राय कोमुने क्रिस्तियानसुन्दमध्ये गेली, तीही टिकली. तिथे लोकांचे राहणे एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला असे आधीच झाले होते.

दीपस्तंभ

ही दोन उदाहरणे माझ्या मूळ म्हणण्याच्या जवळची आहेत, म्हणून ते आता जास्त काटेकोरपणे मांडतो. भरतीओहोटींचे उल्स्टाइन-हारआइद आणि खारेवाऱ्यांचे स्मोला यांच्यातला फरक रस्त्याचा किंवा फेरीचा नाही. हारआइदहून ओलेसुन्दच्या बाजूला, सुलेसुन्दला, थेट फेरीबोट जाते. उल्स्टाइनची नजर मात्र हेरॉय आणि दक्षिणेकडच्या बेटांवर असते, आणि आइकसुन्दचा बोगदा झाल्यानंतर मुख्य भूमीवरच्या वोल्डा-ओर्स्टाकडेही. एकाच बेटावरच्या दोन गावांची तोंडे दोन दिशांना आहेत. स्मोलाचे तोंड एकाच बाजूला आहे. त्यामुळे कसोटी अशी असावी की, दोन वस्त्यांमध्ये पाणी आहे की नाही हे न पाहता, त्या दोघी बेटाबाहेर जाताना एकाच धक्क्यावरून जातात का, हे पाहावे. नूरडॉयवेगेनवरची बेटे आता एकाच वाटेने जातात. म्हणून हारॉया पुढेमागे हारमकडे सरकेल असे मला अजूनही वाटते.

मृण्मयी

धक्क्याची कसोटी मला आवडली, पण ती लावताना धक्का कोणाच्या मालकीचा आहे हेही पाहावे लागेल. २०१० मध्ये राज्याने अनेक राष्ट्रीय रस्ते आणि त्यांवरच्या फेऱ्या फिल्केकोमुनेंकडे दिल्या. ई-३९ या किनारी महामार्गावरची मोल्दे-वेस्टनेस फेरी राज्याकडे राहिली, तर हारआइद-सुलेसुन्द आणि स्मोलाची फेरी जिल्ह्याकडे गेली. जिल्हा फेऱ्यांचे कंत्राट निविदेने आणि अनेक वर्षांसाठी देतो. आता निविदेत विजेवर चालणाऱ्या बोटींची अट येऊ लागली आहे. हवामानासाठी ते योग्यच आहे, पण बोट आणि धक्क्यावरची चार्जिंगची सोय महाग पडते, आणि जिल्ह्याच्या अंदाजपत्रकाला ओढ बसली की पहिली कात्री रात्रीच्या शेवटच्या फेरीला लागते. शेवटची फेरी गेली की बेटावरच्या मुलाला संध्याकाळच्या सरावाला, परिचारिकेला रात्रपाळीला आणि कोमुनेच्या सदस्याला बैठकीला जाता येत नाही. दीपस्तंभ ज्याला भरवसा म्हणतात तो या वेळापत्रकात असतो, आणि त्याच्यावर कोमुनेचा अधिकार शून्य आहे.

२०२० पर्यंत जिल्ह्यांचीही जुळवाजुळव होऊन १९ चे ११ झाले, आणि २०२४ मध्ये तीन मोठे जिल्हे फुटून १५ झाले. या धामधुमीत म्योरे ओग रोम्सडाल एकटाच राहिला, फक्त कडेच्या काही कोमुने इकडून तिकडे गेल्या. रिन्दाल आणि हाल्सा शेजारच्या त्रोन्देलाग जिल्ह्यात गेल्या, हूर्निन्दाल दक्षिणेकडच्या जिल्ह्यातून वोल्डात आली. तिथेही लोक कोणत्या बाजूला बाजारहाटाला जातात हेच मुख्य कारण होते.

रानवाट

शेवटच्या फेरीबद्दल मृण्मयी यांचे म्हणणे आतल्या फियॉर्डलाही तितकेच लागू आहे. तिथे फेरीऐवजी घाट असतो. १९३६ मध्ये खुला झालेला ट्रोलस्टीगेन हिवाळाभर बंद असतो आणि दगड पडू लागल्यास भर उन्हाळ्यातही बंद ठेवावा लागतो. नूरदाल आणि स्तूरदाल यांची २०२० मध्ये फ्योर्ड नावाची एक कोमुने झाली, ती ट्रोलस्टीगेनच्या दक्षिणेला. उत्तरेला रौमा. उन्हाळ्याचा नकाशा पाहणाऱ्याला ही दोन्ही शेजारी वाटतात, पण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत त्यांच्यामधून सरळ वाट नसते. त्यामुळे या दोघींना एकत्र आणण्याचा विचार कोणी करणार असेल, तर त्याने बैठकीची तारीख जानेवारीतली ठरवावी आणि सदस्यांना गाडीने बोलवावे.